जिभेवरचा जागल्या

(मावळातील प्रौढ वर्गाच्या मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



आजचा विषय अगदी घरचा आहे. कारले, कडुनिंब, किराईत, कडू काकडी ही सारी तुमच्याआमच्या ओळखीची. जिभेवर ठेवली की तोंड वाकडे होते. 'शी, काय कडू!' म्हणून आपण थुंकतो. पण जिभेला हे कळते कसे?

कडू दुधी आणि चांगला दुधी शेजारीशेजारी ठेवा. दोन्ही हिरवे, दोन्ही कोवळे. डोळ्यांना फरक दिसत नाही. नाकाला वास येत नाही. हाताला तर काहीच समजत नाही. जिभेला मात्र क्षणात समजते. ही विद्या जिभेजवळ आली कुठून? आणि जिभेचे ऐकावे कधी, तिच्यावर विसंबू नये कधी? या दोन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधू या. दुसऱ्या प्रश्नाची गाठ जिवाशी आहे. म्हणून थोडे लक्ष देऊन ऐका.

पूर्वी गावोगाव जागल्या असे. गाव झोपला की तो काठी आपटीत फिरे. वेशीपाशी अनोळखी माणूस दिसला की हाळी देई. हाळी ऐकून पाटील उठे, चार माणसे उठत. आलेला माणूस चोर की पाहुणा, हे मग दिवा धरून पाहिले जाई. आपल्या जिभेवर असाच एक जागल्या बसलेला आहे. कडू चव ही त्याची हाळी होय.

जागल्या राहतो कुठे?

घरी गेल्यावर आरसा घ्या आणि जीभ बाहेर काढून पाहा. जिभेवर बारीक बारीक उंचवटे दिसतील. टोकाकडे काही लालसर ठिपके दिसतील. अगदी मागे, घशाजवळ, आठ-दहा मोठे उंचवटे नांगराच्या फाळासारख्या टोकदार रांगेत बसलेले असतात. ते सहजी दिसत नाहीत, पण असतात. या उंचवट्यांच्या अंगात फुलाच्या कळीसारखे चिमुकले गोळे आहेत. त्यांना रुचिकलिका म्हणतात. रुचिकलिका म्हणजे चवीची कळी. अशा काही हजार कळ्या आपल्या तोंडात आहेत.

विटा रचून घर होते, तसे पेशी रचून शरीर होते. पेशी इतकी लहान की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एका रुचिकलिकेत अशा 50 ते 100 पेशी असतात. कळीच्या टोकाला एक बारीक छिद्र असते. त्या छिद्रातून पेशींचे केसासारखे धागे बाहेर डोकावतात. लाळेत विरघळलेला पदार्थ या छिद्रातून आत येतो आणि धाग्यांना भेटतो.

'लाळेत विरघळलेला' हे शब्द ध्यानात ठेवा. स्वच्छ फडक्याने जीभ कोरडी पुसा आणि तिच्यावर साखरेचे चार दाणे ठेवा. लगेच गोड लागत नाही. लाळ सुटली, दाणे विरघळले, की मग गोडी कळते. कडूचेही तसेच.

या पेशी फार दिवस जगत नाहीत. सुमारे दहा-बारा दिवसांत जुनी पेशी जाते आणि तिच्या जागी नवी येते. गरम चहाने जीभ पोळली तर दोन दिवस चव लागत नाही. पुढे आपोआप लागू लागते. जागल्या बदलतो, पण पहारा चालू राहतो.

प्रत्येक चवीच्या पेशी निराळ्या असतात. गोड, आंबट, खारट, कडू या चार चवी आपल्याला माहीत आहेत. पाचवी चव जपानच्या किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञाने 1908 साली दाखवून दिली. मांसाच्या रश्शात, पिकलेल्या टोमॅटोत जी भरदार चव असते ती ही. तिला उमामी म्हणतात. जिथे गोडाच्या पेशी, तिथेच शेजारी कडूच्या पेशी. गोड टोकाला कळते आणि कडू मागे कळते, असा जिभेचा नकाशा पुष्कळ वर्षे शाळेच्या पुस्तकांत छापला जात असे. तो बरोबर नाही. जिभेवर जिथे रुचिकलिका आहेत, तिथे पाचही चवी कळतात.

इथे कोणी विचारील, 'गुरुजी, तिखट कुठे गेले?' आपल्या आयुर्वेदात सहा रस सांगितले आहेत आणि तिखट त्यांत आहे, हे खरे. संस्कृतात तिखटाला 'कटु' म्हणतात आणि कडूला 'तिक्त'. मराठीत आपण कटुचे 'कडू' केले. नवे शास्त्र सांगते की मिरचीचे तिखट हे चवीच्या पेशींना कळतच नाही. चटका लागल्याचे ज्या नसांना कळते, त्याच नसांना मिरची डिवचते. म्हणून मिरची तोंडात जशी झोंबते, तशी डोळ्यांत आणि जखमेवरही झोंबते. कारल्याचा रस हाताला लागला तर हाताला कडू लागत नाही. कडू ही खरी चव आहे. तिच्यासाठी निराळी पेशी लागते.

हाळी कशी दिली जाते?

आता मुख्य गोष्ट. कडू पदार्थ पेशीला भेटला, पुढे काय होते?

पेशीच्या धाग्यांवर बारीक कुलुपे बसवलेली आहेत असे समजा. शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. आपण कुलूपच म्हणू. कडू पदार्थ ही किल्ली. किल्ली कुलपात बसली की कुलूप किंचित फिरते. किल्ली घरात शिरत नाही. ती बाहेरच राहते. पण कुलूप फिरल्याचे आतल्या बाजूला कळते.

आतल्या बाजूला एक निरोप्या टेकून बसलेला असतो. त्याचे नाव गस्टड्युसिन. 1992 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा शोध लावला. कुलूप फिरले की हा निरोप्या सुटा होतो आणि दुसऱ्याला जागे करतो. दुसरा तिसऱ्याला करतो. पेशीच्या आत कॅल्शियमची एक कोठी असते. चुन्यात असते तेच हे कॅल्शियम. निरोप पोचला की कोठीचे दार उघडते आणि कॅल्शियम पेशीभर पसरते. त्यामुळे पेशीच्या भिंतीतली आणखी एक वाट मोकळी होते. त्या वाटेने बाहेरचे सोडियम आत धावते. सोडियम म्हणजे मिठातला एक घटक. या धावपळीने पेशीच्या भिंतीवरचा विजेचा भार बदलतो. वीज म्हणजे दिव्याची नव्हे हो, फार सूक्ष्म.

हा भार बदलताच पेशी एक पदार्थ बाहेर सोडते. त्याचे नाव एटीपी. एरवी शरीरातली प्रत्येक पेशी एटीपी हे सरपणासारखे वापरते. इथे मात्र तेच सरपण चिठ्ठीचे काम करते. शेजारी नसेचे टोक असते. नस ती चिठ्ठी घेते आणि मेंदूकडे निरोप धाडते. लोणावळ्याच्या स्टेशनावरून गाडी सुटली की पुढच्या स्टेशनाला वर्दी जाते. गाडी पोचण्याआधी वर्दी पोचते. तसाच घास घशाखाली उतरण्याआधी निरोप मेंदूत पोचलेला असतो. हे सारे व्हायला एक क्षणही पुरता लागत नाही.

निरोप आधी मेंदूच्या देठापाशी जातो. तोंड वाकडे करणे, थुंकणे, ओकारी येणे यांची व्यवस्था तिथेच होते. त्याला विचार करावा लागत नाही. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या जिभेला कडू थेंब लागला तर तेही तोंड वेडेवाकडे करते. त्याला कोणी शिकवलेले नसते. पुढे निरोप मेंदूच्या वरच्या भागात जातो. तेव्हा आपण म्हणतो, 'हे कडू आहे.'

जागल्याचे कान किती तिखट आहेत तेही पाहा. एक लिटर पाण्यात सुमारे तीन-चार ग्रॅम साखर घातली तर जेमतेम गोडी जाणवते. क्विनाइन हे हिवतापाचे जुने कडू औषध. ते लिटरभर पाण्यात तीन-चार मिलिग्रॅम असले तरी जीभ ओळखते. म्हणजे साखरेच्या हजाराव्या भागाइतके. याचे कारण सरळ आहे. गोड म्हणजे अन्न. ते थोडे चुकले तर एक वेळ उपाशी राहू. पण कडू विष चुकले तर दुसरी संधी नाही.

कुलुपे पंचवीस, हाळी एकच

2000 साली चार्ल्स झुकर आणि निकोलस रीबा या दोन शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह कडूची कुलुपे शोधून काढली. त्या सहकाऱ्यांत जयराम चंद्रशेखर हेही होते. माणसाजवळ कडूची सुमारे 25 प्रकारची कुलुपे आहेत. गोडाचे काम एकाच जातीच्या कुलपावर भागते. मग कडूसाठी इतकी का? कारण कडू पदार्थ जगात हजारो आहेत आणि त्यांची घडण एकमेकांसारखी नाही. एका कुलपाला अनेक किल्ल्या चालतात, म्हणून पंचवीस कुलुपे हजारो पदार्थांना पुरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे ऐका. कडूची एकेक पेशी यांतली पुष्कळ कुलुपे एकदमच अंगावर वागवते. कोणतेही कुलूप फिरो, पेशी तीच चिठ्ठी पाठवते. म्हणून कडुनिंब, कारले, क्विनाइन, कडू भोपळा यांची घडण निरनिराळी असली तरी जीभ एकच शब्द बोलते, 'कडू'. जागल्या ओरडतो, 'कोणीतरी आले!' कोण आले, हे तो सांगत नाही. चोर आहे की वैद्य, हे त्याला ठाऊक नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. कडू लागले म्हणून ते विषच असते असे नाही. आणि कडू लागले म्हणून ते औषधच असते असेही नाही. 'जितके कडू तितके गुणकारी' हा समज पुष्कळांच्या मनात घर करून बसला आहे. जिभेच्या रचनेत त्याला काडीचा आधार नाही. हाळी ऐकू आली की दिवा धरून पाहायचे असते. हा दिवा म्हणजे ज्ञान.

एकाला कडू, एकाला नाही

घरोघर एक वाद होतो. सासू म्हणते, 'भाजी कडू झाली.' सून म्हणते, 'मला तर लागत नाही.' दोघीही खरे बोलत असतात.

1931 साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक भुकटी हाताळीत होता. थोडी भुकटी हवेत उडाली. शेजारचा सोबती म्हणाला, 'काय ही कडू धूळ!' फॉक्सला तर काहीच लागले नव्हते. त्याने चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवून पाहिली. तरी नाही. मग त्याने पुष्कळ माणसांना ती चाखायला दिली. काहींना जहर कडू लागली, काहींना बेचव. हा फरक आईबापांकडून मुलांकडे येतो. 2003 साली त्याचे मूळ सापडले. पंचवीस कुलुपांपैकी एका कुलपाची घडण माणसामाणसांत थोडी निराळी असते. ज्याच्या कुलपात किल्ली नीट बसत नाही, त्याला ती भुकटी कडू लागत नाही.

म्हातारपणी चव मंदावते. लहान मुलांना कडू अधिक झोंबते. मूल औषध थुंकते ते हट्टाने थुंकते असे समजू नका. त्याचा जागल्या तरुण आहे. नाक दाबून औषध ओतू नये. ठसका लागून औषध श्वासनळीत जाण्याची भीती असते. औषध कशात मिसळून द्यावे हे डॉक्टरांना विचारावे.

कडू मंद करण्याची युक्ती

कारल्याला मीठ चोळून ठेवतात, मग पिळून काढतात. ही रीत आपल्या आयाबहिणींना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मिठाने कडू पाणी सुटते, हे एक. दुसरी गोष्ट शास्त्रज्ञांनी 1997 साली प्रयोगाने दाखवली. मीठ जिभेवर असले की कडूपणा कमी जाणवतो आणि दडलेली गोडी वर येते. गूळ घातला तरी कडू मंद वाटते. पाडव्याला कडुनिंबाच्या पानांत आपण गूळ, मीठ, चिंच, ओवा घालतो, त्यात हे सारेच आले.

'कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच' अशी म्हण आहे. ही म्हण दुहेरी खरी आहे. गुळाने कडूपणा झाकला जातो, पण कडू पदार्थ नाहीसा होत नाही. तो होता तितकाच ताटात राहतो. गूळ जागल्याच्या तोंडावर हात ठेवतो. चोर मात्र घरात शिरलेलाच असतो. कारल्याच्या भाजीत याने बिघडत नाही. दुसरीकडे मात्र बिघडते, ते आता सांगतो.

झाड कडू का होते?

बैल आला तर शेळी पळते. झाडाला पळता येत नाही. मग ते आपल्या पानांत, सालीत, कंदात कडू रस साठवते. किडा तोंड लावतो आणि सोडून देतो. आपल्या डोंगरातला कुडा पाहा. त्याची साल जहर कडू असते. काकडी, दुधी, दोडका, भोपळा या एकाच कुळातल्या वेली. यांच्या रानटी वाणांत कडू रस भरपूर असतो. माणसाने शेकडो पिढ्या गोड वेलींचे बी राखून ठेवले, म्हणून आपल्याला खाण्याजोगा दुधी मिळाला. मिरजेचे तंबोरे ज्या भोपळ्यांचे होतात, ते भोपळे खाण्याचे नव्हेत.

आपल्या सह्याद्रीत कडू कंद होतो. वेलीला हवेतही बटाट्यासारखे गोळे धरतात. कातकरी, ठाकर, महादेव कोळी ही मंडळी अडचणीच्या दिवसांत तो खात आली आहेत. पण कसा? कंद राखेच्या पाण्यात उकडतात. चकत्या करून टोपलीत भरतात आणि वाहत्या ओढ्यात ठेवतात. मग चाखून पाहतात. कडू असला तर पुन्हा तेच. जिभेने 'आता नाही' म्हटल्याशिवाय कंद मुलांच्या पुढे येत नाही. हे शहाणपण पुस्तकातले नाही, पण ते पुरते शास्त्रशुद्ध आहे. या मंडळींनी जागल्याची हाळी दाबली नाही. चोरालाच घराबाहेर घालवले. मात्र ज्याला ही रीत हाताखाली बसून शिकायला मिळालेली नाही, त्याने रानातला कंद ऐकीव माहितीवर शिजवू नये.

दुधीची गोष्ट

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. अलीकडे शहरांत आणि आपल्याकडेही सकाळी दुधीचा कच्चा रस पिण्याची चाल पडली आहे. दुधी चांगला असेल तर हरकत नाही. पण एखादा दुधी कडू निघतो. त्यात कुकरबिटासिन नावाचे द्रव्य असते. कडू काकडीत असते तेच. ते जास्त प्रमाणात पोटात गेले तर पोटात कळा येतात, उलट्या-जुलाब होतात, उलटीत रक्त पडते, रक्तदाब उतरतो. माणूस दगावतोही. 2018 च्या जूनमध्ये पुण्यात दुधीचा रस प्यायल्यावर एका बाईचा मृत्यू झाल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. त्याआधीही देशात अशा घटना घडल्या होत्या. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांचा अहवाल 2012 साली छापून आला. त्यांचे सांगणे साधे आहे. रस काढण्याआधी दुधीची लहानशी फोड चाखा. कडू लागली तर तो दुधी वापरू नका. रस कडू लागला तर पिऊ नका. दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका. पिऊन त्रास होऊ लागला तर लगेच दवाखाना गाठा. या विषावर खास उतारा नाही. दवाखान्यात सलाईन व इतर उपचार करून माणसाला सांभाळावे लागते.

अशा वेळी माणसे कडू रस पितात तरी का? कारण त्यांना वाटते, 'कडू आहे म्हणजे औषधी आहे.' जागल्या घसा फोडून ओरडत असतो आणि आपण म्हणतो, 'अहो, वैद्य आले वाटते!' काहीजण मध घालतात, फळांचा रस घालतात. मग तर हाळी ऐकूच येत नाही.

कोणी म्हणेल, रस नको, भाजी करू. दुधी शिजवल्याने हे विष जात नाही. कडू कंदाची रीत दुधीला लागू नाही. कडू दुधी सरळ टाकून द्यावा. पाच-पंचवीस रुपयांचा दुधी फेकण्याची हळहळ वाटते, पण दवाखान्याचा खर्च आणि माणसाचा जीव यांपुढे दुधी काय मोठा? चाखताना एकाला कडू लागला आणि दुसऱ्याला लागला नाही, तर ज्याला लागला त्याचे ऐका. कारण तुम्हाला मघाशी सांगितले. काकडीचे देठ कापून चाखण्याची आपली रीतही चांगली आहे. कडूपणा देठाकडे अधिक असतो.

वेल लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. कडू फळाचे बी राखू नये. परसात कुठे रानटी कडू भोपळ्याचा वेल असला तर त्याचा पराग आपल्या वेलीवर येऊ शकतो. त्या बियांतून पुढच्या वर्षी कडू फळ निघू शकते.

जागल्याला न दिसणारे चोर

प्रत्येक विष कडू नसते. शिशाचे एक संयुग चक्क गोड असते. मिथाइल अल्कोहोल हे जीवघेणे विष आहे. ते दारूत मिसळले तर जिभेला फरक कळत नाही. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे अशा दारूने शंभरावर माणसे मेली. त्यांच्या जिभांनी हाळी दिली नाही. देणार कशी? ज्या किल्लीला कुलूपच नाही, ती फिरणार कुठे?

म्हणून काही कारखानदार अशा जिनसांत मुद्दाम कडू द्रव्य मिसळतात. डिनॅटोनियम हे त्याचे नाव. 1958 साली ते स्कॉटलंडात सापडले. जगातल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते. लहान मुलाने बाटली तोंडाला लावली तर लगेच थुंकावे, हा हेतू. चोराच्या गळ्यात घंटा बांधण्यासारखेच हे. पण प्रत्येक बाटलीत ही घंटा नसते. भातावर मारायचे कीटकनाशक, उंदराचे औषध, ॲसिड ही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. त्यांच्या मूळ बाटलीतच, मुलांच्या हाताला येणार नाहीत अशी ठेवा. आणि बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचा. तुम्ही या वर्गात अक्षरे शिकलात, ती इथे उपयोगी पडतात. जिभेला जे ओळखता येत नाही, ते डोळ्यांनी वाचता येते.

आणखी एक नवलाची गोष्ट सांगतो. कडूची ही कुलुपे जिभेवरच आहेत असे नाही. नाकात आणि फुप्फुसांच्या नळ्यांतही ती सापडली आहेत. 2010 साली दीपक देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवले की श्वासनळीच्या स्नायूंवर अशी कुलुपे आहेत आणि ती फिरली की स्नायू सैल पडतात, नळी मोकळी होते. तिथे कडू 'लागत' नाही, कारण त्यांचा निरोप चवीच्या नसेने जात नाही. यातून पुढे दम्यावर औषध निघेल का, याचा अभ्यास चालू आहे. पण म्हणून कोणी दम्याला कडू काढा पिऊ नका. मधुमेहासाठी कारल्याचा रस घेणाऱ्यांनीही डॉक्टरांची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

घरी जाऊन सांगण्याच्या गोष्टी

मंडळी, आजचे सारे चार वाक्यांत सांगतो. ती घरी जाऊन सांगा.

एक. दुधी किंवा काकडी वापरण्याआधी लहान फोड चाखा. कडू असेल तर थुंका, चूळ भरा आणि ते फळ टाकून द्या.

दोन. जे अनोळखी आहे आणि कडू लागते, त्यावर गूळ-साखर घालून ते पोटात ढकलू नका.

तीन. कडू म्हणजे औषध असे समजू नका. औषध कोणते आणि किती, हे डॉक्टर सांगतील.

चार. कडू लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बाटलीवरचे वाचा.

जिभेचा जागल्या लाखो वर्षांचा इमानी चाकर आहे. तो पगार मागत नाही, रजा मागत नाही. त्याचे काम हाळी देण्याचे आहे आणि ते तो चोख करतो. हाळी ऐकून दिवा घेऊन उठणे हे घरधन्याचे काम आहे. ते आपण करू या.